व्हिएतनामच्या औषधी संग्रहालयात फोटोपलीकडे काय पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिएतनामच्या सहलीवर जो लेख आला, त्यात हो ची मिन्ह सिटीतल्या पारंपरिक औषधांच्या संग्रहालयाची बोळवण एका वाक्यात झाली, तीही जुन्या वैद्याचा पोशाख चढवून फोटो काढण्यापुरती. हल्ली इंदूरची मराठी मंडळी मुंबई, अहमदाबाद किंवा दिल्लीहून थेट विमानाने मोठ्या संख्येने तिकडे जातात. त्यातल्या निदान काहींनी ही वास्तू नीट पाहावी, म्हणून काष्ठौषधी, म्हणजे वनस्पतींपासूनची औषधे, आणि औषधनिर्मिती यांच्या कामातले आम्ही काही वाचक हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण कात्री लावताना शक्यतो प्रमाणे आणि आकडे तसेच ठेवावेत ही विनंती.

संग्रहालयाचे नाव फितो. एका व्हिएतनामी औषधकंपनीने ते २००७ साली उघडले. पत्ता ४१, होआंग यू खुओंग रस्ता, डिस्ट्रिक्ट १०. जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्हा ही पातळीच रद्द केली आहे, त्यामुळे नव्या नकाशात डिस्ट्रिक्ट १० सापडला नाही तर गोंधळून जाऊ नये. रस्त्याचे नाव आणि घरक्रमांक टॅक्सीवाल्याला लिहून दाखवावा. गल्ली अरुंद आहे, मोठी बस दारापर्यंत येत नाही. सहल-कंपन्या हे ठिकाण गाळतात त्याचे हे एक कारण असावे. इमारत उंच आणि निमुळती, आतून उत्तर व्हिएतनामी घरांच्या धर्तीच्या कोरीव लाकूडकामाने मढवलेली. सुमारे ३,००० वस्तू १८ खोल्यांत मांडल्या आहेत. आधी छोटी चित्रफीत दाखवतात, इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक बरोबर देतात. गट घाईत असला की तासाभरात सगळे उरकते. आमच्या मते दोन तास हवेतच, आणि त्यातला निम्मा वेळ अवजारांना द्यावा.

अवजारांना का, ते आधी सांगतो. औषधी संग्रहालय म्हटले की लोक वनस्पतींच्या बरण्या आणि पोथ्या बघतात. परंतु सुकलेली मुळी ही अजून औषध नसते. ती कशी भिजवली, किती जाड कापली, कशात तळली किंवा उकळली, त्यावर ती गुण देणार की अपाय करणार हे ठरते. ही कृती पोथीत दोन ओळींत उरकलेली असते. ती खरी दिसते ती पात्याच्या झिजेत, खलाच्या खोलीत आणि काट्यावरच्या खुणांत.

पहिली वस्तू म्हणजे मुळ्या कापायचे पाते. जाड लाकडी फळीवर पात्याचे एक टोक जखडलेले, दुसऱ्या टोकाला मूठ. अडकित्त्याचा एकच दांडा मोठा करून फळीला ठोकावा तशी रचना. टेकू कायम राहत असल्याने हाताचा जोर सरळ धारेवर येतो आणि चकत्या एकसारख्या पडतात. कठीण मुळीची चकती दीड-दोन मिलिमीटरच्या आसपास, मऊ मुळीची तीन-चार. जाडी सारखी नसेल तर काढ्यात पातळ तुकडे विरघळून गाळ होतो आणि जाड तुकडे आतून कोरडेच राहतात. सुकी मुळी थेट पात्याखाली धरली तर तिच्या ठिकऱ्या होतात, म्हणून आधी ती मऊ करावी लागते. नवशिके इथेच चुकतात. ते मुळी पाण्यात बुडवून ठेवतात, पाणी पिवळे होते आणि औषधाचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. जाणकार मुळीवर पाणी शिंपडून ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. ओल आतपर्यंत जाते, अर्क बाहेर येत नाही. मुळी वाकवल्यावर मोडली नाही, की ती कापायला तयार.

दुसरी वस्तू थुएन तान. ओतीव लोखंडाची होडीच्या आकाराची अरुंद पन्हळ आणि तिच्यात मागे-पुढे फिरणारे धारदार कडेचे चाक. चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी दांडे असतात. कामगार बसून ते दांडे तळपायांनी ढकलतो आणि हात मोकळे ठेवून माल पुढे सारतो. आपल्या खलबत्त्यात आघात होतो, इथे कातर आणि दाब एकदम बसतो. म्हणून तंतुमय साली आणि मुळ्या थुएन तानमध्ये लवकर बारीक होतात, धूळही कमी उडते. गडबड होते ती चिकट मालाने आणि तुरट मालाने. मनुकेसारखी चिकट द्रव्ये चाकाला लडबडतात, त्यामुळे ती आधी खडखडीत वाळवावी लागतात किंवा कोरड्या चूर्णात मिसळून घालावी लागतात. हिरड्यासारख्या तुरट द्रव्यात टॅनिन असते. ओल राहिली तर ते लोखंडाशी मिळून चूर्ण काळे पाडते. आपल्याकडे वस्त्रगाळ चूर्ण म्हणजे किमान ८० नंबरच्या चाळणीतून पडलेले. तिकडेही चाकानंतर चाळणी असतेच, वर राहिलेला चोथा पुन्हा पन्हळीत टाकतात. चोथा फेकून देणारा कारागीर मापात चोर ठरतो, कारण एकाच मुळीची साल आणि गाभा यांचे गुण वेगळे असतात आणि गाभाच बहुधा चाळणीवर राहतो.

तिसरी वस्तू वजनकाटा, ज्याकडे जवळपास कोणीच थांबत नाही. एकच पारडे, लांब बारीक दांडी, तिच्यावर ठिपक्यांच्या खुणा आणि दोऱ्याने सरकणारे एकच वजन. जुना व्हिएतनामी लांग म्हणजे सुमारे ३७.८ ग्रॅम, त्याचा दहावा भाग ३.७८ ग्रॅम, आणि १६ लांगांचा एक कान म्हणजे ६०५ ग्रॅमच्या जवळ. आजच्या बाजारात मात्र लांग म्हणजे सरळ १०० ग्रॅम. जुनी पाककृती वाचून नव्या लांगाने मोजले तर मात्रा अडीच पटीहून जास्त होते. बचनाग किंवा कुचला या विषारी द्रव्यांच्या बाबतीत एवढा फरक जीवावर बेततो. आपल्याकडे तोळा ११.६६ ग्रॅम, मासा ०.९७ आणि गुंज ०.१२ ग्रॅमच्या आसपास. त्यातही प्रांतोप्रांतीचे फरक होतेच. काट्यासमोर उभे राहून दांडीवरच्या खुणा मोजून पाहाव्यात. एका ठिपक्याची किंमत किती, हे मार्गदर्शकाला जरूर विचारावे.

मग येते औषधाच्या दुकानाची हुबेहूब मांडणी: छतापर्यंत भिडलेले लहान खणांचे कपाट, प्रत्येक खण आतून तीन-चार भागांत विभागलेला. हे खण वर्णानुक्रमाने लावत नाहीत. रोज लागणारी द्रव्ये हाताच्या उंचीवर, जड खनिजे आणि शिंपले तळाला, हलकी फुले-पाने वर. काढ्यात नेहमी जोडीने पडणारी द्रव्ये शेजारी. आणि दिसायला सारखी पण गुणाने वेगळी द्रव्ये मुद्दाम लांब, म्हणजे घाईत हात चुकला तरी दुसराच माल पुडीत जाणार नाही. विषारी द्रव्यांना या कपाटात जागा नसते, त्यांची कुलपाची पेटी वेगळी. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या जुन्या पंसाऱ्यांच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्यांच्या, गाद्यांवरही असाच काही क्रम असतो, फक्त तो दुकानदाराच्या डोक्यात असतो.

कुचल्याचे उदाहरण घेऊ, कारण ते बी दोन्ही देशांत वापरात आहे. आपल्या पद्धतीत बी सात दिवस रोज बदललेल्या गोमूत्रात भिजवतात, धुऊन तीन तास गाईच्या दुधात उकडतात, टरफल आणि दोन दलांमधली जिभली, म्हणजे अंकुर, काढून टाकतात, तुकडे तुपात तांबूस होईपर्यंत तळतात आणि मऊ आहेत तोवरच कुटतात. थंड होऊन कडक झाले की ते कुटले जात नाहीत. व्हिएतनामी पद्धतीत बी तांदळाच्या धुवणात भिजवतात, टरफल आणि अंकुर काढतात, पातळ कापतात आणि तिळाच्या तेलात तळतात. पातळ पदार्थ वेगळे, पण पायऱ्या त्याच: भिजवणे, अंकुर काढणे, उष्णता देणे. उष्णतेने बीमधल्या स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन या विषांचा काही भाग कमी विषारी रूपात बदलतो. तळण कमी पडले तर विष राहते, जास्त झाले तर कोळसा उरतो आणि गुणही जातो. म्हणून रंग हीच कारागिराची खूण. बचनागाचेही तसेच. आपण त्याचे तुकडे तीन दिवस गोमूत्रात ठेवतो, ते रोज बदलतो आणि मग उन्हात वाळवतो. तिकडे त्याच कुळातली मुळी मिठाच्या पाण्यात मुरवून दीर्घकाळ शिजवतात. दोन्हींचा हेतू अॅकोनिटिन या त्यातल्या विषाचे विघटन.

काढ्याची मडकी पाहताना प्रमाण ध्यानात ठेवावे. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराच्या रीतीने एक पल, म्हणजे ४८ ग्रॅम भरड, १६ पट पाणी म्हणजे साधारण ७७० मिलिलिटर, आणि ते आटवून आठवा हिस्सा, ९६ मिलिलिटर. व्हिएतनामी घरांत सांगतात, तीन वाट्या पाणी आटवून वाटीचे आठ दशांश उरवावे. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. आपल्यापेक्षा ते कमी आटवतात, पण त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा काढतात आणि दोन्ही एकत्र करून दिवसात विभागून देतात. मडके मातीचेच, लोखंडी नाही. कारण वर सांगितले तेच टॅनिनचे. भरड आधी वीस-तीस मिनिटे थंड पाण्यात भिजवावी. एकदम उकळत्या पाण्यात टाकली तर बाहेरचा थर आवळला जातो आणि आतला अर्क उतरत नाही. शिंपले, खनिजे आधी. पुदिना किंवा दालचिनीसारखी सुगंधी द्रव्ये शेवटच्या पाच मिनिटांत, झाकण ठेवून. आपल्याकडे अनेक घरांत तुळस पहिल्यापासून उकळतात आणि अर्धा तास स्वयंपाकघर घमघमते. तो घमघमाट म्हणजे कपातून निसटलेले तेल.

उष्णतेचा हा मुद्दा किती मोठा, हे दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीने जगाला दाखवले. व्हिएतनाम युद्धात उत्तरेकडच्या सैन्याला हिवतापाने ग्रासले, त्यांच्या विनंतीवरून चीनने २३ मे १९६७ रोजी औषधशोधाचा गुप्त प्रकल्प सुरू केला. या वनस्पतीचा, म्हणजे आर्टिमिसिया अॅन्युआचा, उकळलेला काढा भरवशाचा गुण देईना. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात ती थंड पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितले होते. त्यावरून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरने अर्क काढला आणि आर्टिमिसिनिन या हिवतापावरच्या औषधाचा मार्ग खुला झाला. २०१५ चे नोबेल त्यासाठीच मिळाले. वनस्पती तीच होती. कृती बदलली.

संग्रहालयातल्या पूजेच्या दालनात दोन वैद्यांचा मान आहे. १४ व्या शतकातले बौद्ध भिक्षू तुए तिन्ह यांनी आपल्या मातीतली औषधे आपल्या माणसांसाठी असा आग्रह धरला. त्यांच्या नावावरच्या ग्रंथात ५८० देशी द्रव्ये येतात. ते १३८५ साली चीनच्या मिंग दरबारी पाठवले गेले आणि परतले नाहीत. दुसरे ले हिउ चाक, टोपणनाव हाय थुओंग लान ओंग, मृत्यू १७९१. राजघराण्यातल्या आजारी मुलाच्या उपचारासाठी त्यांना राजधानीत बोलावले होते, पण दरबारी पद न स्वीकारता ते गावी परतले. त्यांच्या जन्माच्या ३०० व्या वर्षाची युनेस्कोने २०२४ साठी दखल घेतली. लाकडात कोरलेला शंभर वैद्यांच्या नावांचा वृक्षही इथेच आहे. आणि वर गच्चीवर चाम शैलीचा बुरूज. हे चाम लोक म्हणजे मध्य व्हिएतनाममधल्या ‘मी सन’ या ठिकाणची शिवमंदिरे बांधणारे, तेव्हा आपल्या वाचकांनी वर गेल्याशिवाय खाली उतरू नये.

संग्रहालयातून निघाल्यावर त्याच दिवशी चो लोन भागातल्या हाय थुओंग लान ओंग रस्त्यावर जावे. काट्याचे, पात्याचे, पुडीचे काम तिथे प्रत्यक्ष चालू दिसते. वास घेत हिंडावे, पण खरेदी जपून करावी. ‘हा थू ओ’ नावाच्या मुळीची लालसर चकती केस काळे करण्यासाठी म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारतात. कच्ची मुळी रेचक असते. परंपरेने ती काळ्या घेवड्याच्या पाण्यात नऊ वेळा वाफवून नऊ वेळा वाळवतात. मुळी नीट प्रक्रिया केलेली असली तरी तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ज्यांना यकृताचा त्रास आहे किंवा रोजची औषधे चालू आहेत त्यांनी ती घेऊच नये. सापाची दारू, अस्वलाचे पित्त, खवले मांजराचे खवले, वाघाच्या हाडांचा डिंक असे काहीही हातात धरू नये. वन्यजीव कायद्याने विमानतळावरच गुन्हा होतो. बी किंवा जिवंत कंद आणणेही वनस्पती संगरोधाच्या नियमात अडकते.

घेण्यासारखे आहे ते आपल्या ओळखीचे. उत्तर व्हिएतनाममधल्या लांग सोन प्रांताची चक्रीफुले घ्यावीत: आठ पाकळ्या, भरीव, तोडल्यावर बडीशेपेचा गोड वास. पाकळ्या बारीक, वाकड्या, संख्येने जास्त आणि वास मंद असेल तर सोडून द्यावे, कारण जपानी जातीचे विषारी फळ दिसायला असेच असते. दालचिनी तिकडची जाड सालीची, एकाच थराची गुंडाळी. सियागंजात दालचिनी म्हणून बहुतेक हीच मिळते. तिच्यात कुमारिन हे जास्त झाल्यास यकृताला बाधणारे द्रव्य अधिक असल्याने मसाल्याला उत्तम, पण रोज चमचाभर चूर्ण फाकण्यासाठी ती नव्हे. त्यासाठी कागदासारखे थर असलेली श्रीलंकेची.

आता मूळ मागणे. नीमचची मंडी अश्वगंधा आणि इसबगोलासाठी देशभर माहीत आहे, इंदूरच्या लोकमान्य नगरात शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे, माळव्यातून जडीबुटीचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तरीही या शहरात औषध बनवण्याच्या अवजारांचे एक दालन नाही. रामबाग, नारायण बागेतले जुने वाडे पाडताना खल, काटे, गाळणी आणि बुधले भंगारात किलोने जातात. आपल्या वृत्तपत्राने वाचकांना आवाहन करावे, की अशी वस्तू निघाली तर विकण्याआधी तिची नोंद करा, आणि महाविद्यालय किंवा केंद्रीय संग्रहालय यांच्यापैकी कोणी एक दालन देईल का, याचा पाठपुरावा करावा.

नोंद करायला फार लागत नाही. वस्तूचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढावा. आतला व्यास, खोली आणि वजन लिहावे. ती कशासाठी वापरत, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दांत लगेच उतरवून घ्यावे. खल घासूनपुसून चकचकीत करू नये. तळाशी चिकटलेला थर म्हणजे त्यात काय घोटले जात होते याचा पुरावा आहे, आणि चिंच किंवा पितांबरीने तो एका दुपारी निघून जातो. लोखंडी वस्तू कोरड्या फडक्याने पुसून यंत्राच्या तेलाचा हलका हात द्यावा. खाण्याचे तेल लावले तर काही महिन्यांत ते चिकट होऊन धूळ धरते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या करू नयेत, आधी मजकूर उतरवून घ्यावा. ज्या बाटलीवर पारा, सोमल, हरताळ, हिंगूळ किंवा रसकल्पाचे, म्हणजे पारा-धातूंपासून केलेल्या औषधाचे, नाव असेल, किंवा चिठ्ठीच नसेल आणि आत जड, चमकदार किंवा पिवळी-तांबडी भुकटी असेल, ती उघडू नये, वास घेऊ नये, मोरीत ओतू नये. झाकणावर चिकटपट्टी लावून, दुसऱ्या डब्यात उभी ठेवून, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी आणि महाविद्यालयातल्या रसशास्त्र विभागाच्या शिक्षकांना दाखवावी.

आपले नम्र,
काष्ठौषधी व औषधनिर्मितीच्या कामातील काही वाचक,
इंदूर